चिकटल्यावाचून शिरकाव नाही : एचआयव्ही आणि पेशींचे आसंजन रेणू

एचआयव्ही पेशीत कसा शिरतो हे सांगताना बहुतेक वेळा कुलूप-किल्लीचे उदाहरण दिले जाते. विषाणूच्या आवरणावरील जीपी१२० हे प्रथिन म्हणजे किल्ली, साहाय्यक टी-पेशीवरील (टी-पेशी म्हणजे रोगप्रतिकारशक्तीतील एक प्रकारची पांढरी पेशी) सीडी४ हा रेणू म्हणजे कुलूप, आणि शेजारचा सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ हा रेणू म्हणजे दाराची आतली कडी. हे उदाहरण चुकीचे नाही. सीडी४ ची ओळख १९८४ मध्ये पटली, कडीचा उलगडा १९९६ मध्ये झाला, आणि सीसीआर५ अडवणारे मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये वापरात आले. परंतु या उदाहरणात एक गोष्ट आपण न सांगता गृहीत धरतो, ती म्हणजे किल्ली घेऊन आलेला दारापाशी पोहोचला आहे आणि कुलपाशी खटपट करण्याइतका वेळ तिथे टिकून उभा आहे. विषाणूच्या दृष्टीने खरी अडचण तिथेच असते.

आकडे पाहिले की ती अडचण लक्षात येते. एचआयव्हीचा कण सुमारे १२० नॅनोमीटर व्यासाचा असतो आणि टी-पेशी त्याहून साठ-सत्तर पट रुंद असते. फ्लूच्या विषाणूवर प्रथिनांचे शेकडो काटे असतात, तर एचआयव्हीच्या एका कणावर ते सरासरी चौदाच्या आसपासच असतात. सभोवतालचा द्रव सतत हलत असतो, कण त्यात भिरभिरत असतो, आणि इतक्या थोड्या काट्यांपैकी एखादा काटा नेमका सीडी४ वर बसून आतल्या कडीपर्यंत पोहोचेतो बराच वेळ जातो. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार कोटी नवे कण तयार होतात असा अंदाज १९९६ मध्ये मांडला गेला; त्यांपैकी बहुतेक काही तासांतच, कोणत्याही पेशीला बाधा न करता नष्ट होतात. जे थोडे यशस्वी होतात त्यांना कोणीतरी धरून ठेवलेले असते. हे धरून ठेवण्याचे काम करणारे रेणू म्हणजे पेशी-आसंजन रेणू, म्हणजेच पेशींना एकमेकींशी किंवा भोवतालच्या ऊतींशी चिकटवणारे रेणू. ते विषाणूसाठी निर्माण झालेले नाहीत. ते आपल्या रोगप्रतिकारशक्तीचे आहेत, आणि हा सगळा विषय गुंतागुंतीचा होतो तो नेमका याच कारणाने.

श्रावण-भाद्रपदात शेताच्या बांधावरून चालताना आघाड्याचा तुरा कपड्याला घासला, तर त्याची फळे कापडाला चिकटून येतात. एकेका फळाची पकड अगदी हलकी असते, पण दहा-वीस एकदम चिकटली की ती एकेक करून वेचावी लागतात. आसंजन रेणूंची पकड अशीच असते. एका जोडीचा जोर किरकोळ असतो, शेकडो जोड्या एका वेळी जुळल्या की दोन पेशी घट्ट जोडल्या जातात. फरक इतकाच की आघाड्याला आपली पकड सोडता येत नाही, पेशीला येते. पेशीचे बरेच आयुष्य धरण्यात आणि योग्य वेळी सोडण्यात जाते.

रक्तातील पांढऱ्या पेशींचा प्रवास पाहिला तर हे स्पष्ट होते. पायात काटा रुतला, तिथे जंतू शिरले आणि जागा लाल झाली, तर पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडून नेमक्या त्याच जागी उतरायचे असते. रक्ताचा वेग मोठा असल्यामुळे हे एका टप्प्यात साधत नाही. आधी सिलेक्टिन नावाचे रेणू पेशीला हलके-हलके पकडतात आणि सोडतात, त्यामुळे ती वाहिनीच्या भिंतीवरून लोळत जाते आणि तिचा वेग मंदावतो. पुरात वाहत जाणारा माणूस काठावरच्या फांद्यांना हात घालीत जातो, तसे हे असते. मग जखमेच्या जागेतून आलेले रासायनिक निरोप पेशीला मिळतात आणि तिच्यावरील इंटिग्रिन हे रेणू जागे होतात. एरवी इंटिग्रिन गुडघ्यात दुमडलेल्या पायासारखे वाकलेले असतात, निरोप मिळताच ताठ होतात आणि भिंतीवरच्या जोडीदार रेणूंना गच्च धरतात. पेशी थांबते, पसरते आणि भिंतीतील फटीतून पलीकडे जाते. इंटिग्रिनवरील पायाभूत संशोधनासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

पांढऱ्या पेशींवरील सर्वांत महत्त्वाच्या इंटिग्रिनचे नाव एलएफए-१. त्याचा मुख्य जोडीदार आयकॅम-१. ही दोन नावे लक्षात ठेवावीत, कारण पुढची बरीचशी हकिगत त्यांच्याभोवती फिरते. ही जोडी नसती तर काय झाले असते, याचे उत्तर निसर्गानेच काही बालकांमध्ये देऊन ठेवले आहे. एलएफए-१ आणि त्याच्या भावंडांमध्ये सामाईक असलेला सीडी१८ हा भाग ज्या मुलांमध्ये जन्मतः सदोष असतो, त्यांची नाळ वेळेवर पडत नाही, आठवड्यांमागून आठवडे तशीच राहते. त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात, जखमा भरत नाहीत, आणि जखमेत पू होत नाही. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी भरमसाट दिसतात, पण त्या वाहिनीतच अडकून पडलेल्या असतात, हव्या त्या जागी उतरू शकत नाहीत. या आजाराचे निदान आणि अभ्यास मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत होतो. पू होणे हे एरवी आपण वाईट लक्षण मानतो. या मुलांच्या बाबतीत ते न होणे अधिक वाईट असते.

एलएफए-१ चे दुसरे काम याहून नाजूक आहे. टी-पेशीला शत्रूची ओळख पटावी लागते, आणि ती दुसऱ्या पेशीने समोर धरलेल्या प्रथिनाच्या तुकड्यावरून पटते. हा तुकडा पारखायला दोन्ही पेशी काही मिनिटे, कधी काही तास, अंगाला अंग लावून राहाव्या लागतात. त्या वेळी दोघींच्या मध्ये एक सुबक रचना उभी राहते. मधोमध ओळख पटवणारे रेणू आणि त्यांच्याभोवती एलएफए-१ व आयकॅम-१ चे कडे. या रचनेला प्रतिरक्षा संधिस्थान म्हणता येईल. मारक टी-पेशी आपले विषारी कण बाधित पेशीवर सोडते, तेही याच कड्याच्या आतल्या बंदिस्त जागेत सोडते, म्हणून शेजारच्या निरोगी पेशी बचावतात.

आता एचआयव्हीकडे वळू. १९८९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स हिल्ड्रेथ आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. एचआयव्हीने बाधित पेशी प्रयोगशाळेत शेजारच्या निरोगी पेशींमध्ये मिसळून जातात आणि अनेक केंद्रके असलेल्या महाकाय पेशी तयार होतात. एलएफए-१ ला बांधले जाणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारे प्रथिन) त्या मिश्रणात टाकताच हे एकत्रीकरण थांबले. सीडी४ जागच्या जागी होते, विषाणूचे प्रथिनही होते, तरीही पेशी मिसळेनात, कारण त्यांना एकमेकींजवळ धरून ठेवणारा हात काढून घेतला होता. दोन वर्षांनी या निष्कर्षाला एक आवश्यक मर्यादा पडली. वर सांगितलेला जन्मजात दोष असलेल्या व्यक्तींच्या पेशींवर प्रयोग केला, तेव्हा पेशींचे एकत्रीकरण झाले नाही, पण विषाणूची लागण मात्र झाली. म्हणजे एलएफए-१ हे एचआयव्हीसाठी अनिवार्य दार नव्हे. तो मदतनीस आहे. अर्थात, मदतनीसाची मदत किती मोठी असू शकते हे पुढील काही वर्षांत दिसले.

एचआयव्हीला स्वतःचे आवरण तयार करता येत नाही. बाधित पेशीतून बाहेर पडताना तो तिच्याच पटलाचा तुकडा अंगावर ओढून घेतो, आणि त्या तुकड्याबरोबर पेशीचे कित्येक रेणूही येतात. यजमानाच्या घरातली शाल पांघरून पाहुण्याने निघून जावे आणि पुढच्या दारी त्या शालीवरून त्याला घरचाच समजले जावे, असा हा प्रकार आहे. त्या शालीत आयकॅम-१ विणलेला असतो. कॅनडातील क्वेबेक येथे मिशेल ट्रेम्बले यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले की आयकॅम-१ अंगावर असलेल्या कणांची बाधा करण्याची क्षमता तो नसलेल्या कणांपेक्षा सुमारे पाच ते दहा पट अधिक असते. समोरच्या टी-पेशीवरील एलएफए-१ जागा, म्हणजे ताठ झालेला, असेल तर हा फरक अधिकच जाणवतो. शिवाय असे कण निष्प्रभ करायला प्रतिपिंड जास्त लागतात. विचार केला तर यात एक दुःखद गोष्ट दडलेली आहे. क्षयरोगासारखा दुसरा संसर्ग झालेला असतो तेव्हा टी-पेशी लढण्यासाठी जाग्या झालेल्या असतात, त्यांचे एलएफए-१ ताठ असतात, आयकॅम-१ चे प्रमाण वाढलेले असते, आणि नेमकी हीच स्थिती एचआयव्हीला सर्वांत सोयीची असते.

विषाणूने उचललेला प्रत्येक रेणू त्याच्या फायद्याचा असतो असे मात्र नाही. सिलेक्टिनला पकडणारा पीएसजीएल-१ हा रेणू लांबलचक आणि साखरेच्या साखळ्यांनी भरलेला असतो. २०१९ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले की तो विषाणूच्या आवरणात शिरला, तर त्याच्या लांबीमुळे कण पेशीला टेकूच शकत नाही. एकाच कुळातील कामे करणारे दोन रेणू, एक विषाणूला जवळ नेतो आणि दुसरा दूर ठेवतो. एचआयव्हीने यावरही तोड काढली आहे. त्याचे व्हीपीयू हे लहानसे प्रथिन पीएसजीएल-१ ला पेशीतच नष्ट करवते. टेथेरिन या रेणूच्या बाबतीतही तेच घडते. टेथेरिन बाहेर पडू पाहणाऱ्या कणांना दाव्याला बांधलेल्या वासराप्रमाणे पेशीच्या पटलाशी बांधून ठेवतो; त्याचे हे काम २००८ मध्ये उजेडात आले, आणि व्हीपीयू ते दावे सोडवतो हेही त्याच वेळी कळले.

आतापर्यंत आपण सुट्या कणांबद्दल बोललो, पण माझ्या मते आसंजन रेणूंचे सर्वांत मोठे योगदान पेशीकडून थेट पेशीकडे होणाऱ्या प्रसारात आहे, आणि सामान्य वाचकांसाठीच्या लेखनात त्याची दखल फारच कमी घेतली जाते. रोगप्रतिकारक पेशी जिथे जमतात त्या लसीका ग्रंथींमध्ये टी-पेशी दाटीवाटीने असतात. बाधित पेशी निरोगी पेशीला स्पर्श करते तेव्हा दोघींच्या मध्ये एक संधिस्थान तयार होते, आणि ते वर सांगितलेल्या प्रतिरक्षा संधिस्थानासारखेच दिसते. एका बाजूला विषाणूचे जीपी१२०, दुसऱ्या बाजूला सीडी४, आणि आजूबाजूला तेच एलएफए-१ व आयकॅम-१. फरक असा की या बंद खोलीत निरोपाऐवजी विषाणूचे कण एका पेशीकडून दुसरीकडे दिले जातात. क्लेअर जॉली आणि क्वेंटिन सॅटेंटाऊ यांनी २००४ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याला विषाणूचे संधिस्थान म्हणतात. सुट्या कणांच्या तुलनेत हा मार्ग कितीतरी पटींनी कार्यक्षम ठरतो. कणांना द्रवात भिरभिरावे लागत नाही, एकाच वेळी अनेक कण आत जातात, आणि काही प्रतिपिंडांना त्या अरुंद जागेत नीट काम करता येत नाही. रोगप्रतिकारशक्तीने आपल्या पेशींच्या संभाषणासाठी बांधलेली जागा विषाणू तयार स्थितीत वापरतो.

त्वचेतील आणि श्लेष्मल पटलातील (शरीराच्या आतल्या ओलसर अस्तरातील) वृक्षिका पेशींची कथाही अशीच आहे. या पेशी पहारेकरी असतात. आत शिरलेले काहीही पकडायचे, लसीका ग्रंथीत न्यायचे आणि टी-पेशींना दाखवायचे हे त्यांचे काम. टी-पेशींशी प्रथम संपर्क साधण्यासाठी त्या डीसी-साइन नावाचा रेणू वापरतात. नेदरलँड्समधील टेउनिस गाइटेनबेक, इव्हेट व्हान कूक आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की हाच रेणू एचआयव्हीच्या साखरयुक्त आवरणाला चिकटतो, आणि वृक्षिका पेशी स्वतः बाधित न होताही तो कण सांभाळून टी-पेशींच्या हवाली करते. पहारेकऱ्याने संशयिताला पकडून थेट राजवाड्यात न्यावे तसे हे झाले. पुढे २०१२ मध्ये सिग्लेक-१ हा आणखी एक रेणू सापडला, जो विषाणूने यजमानाकडूनच घेतलेल्या स्निग्ध घटकाला पकडतो. पूर्ण जाग्या झालेल्या वृक्षिका पेशींमध्ये त्याचा वाटा मोठा आहे. याउलट, त्वचेच्या वरच्या थरातील लँगरहान्स पेशींवर लँगरिन हा डीसी-साइनचा नातलग असतो. तो विषाणूला पकडतो आणि पेशीच्या आत नेऊन नष्ट करतो, असे २००७ मध्ये दिसून आले. गुप्तरोगामुळे तिथे दाह झालेला असला की हे संरक्षण दुबळे पडते. म्हणूनच लैंगिक संसर्गांवर वेळेवर उपचार करणे हा एचआयव्ही टाळण्याच्या कामाचाच एक भाग आहे.

आतड्याचा विचार केल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. शरीरातील लसीका-ऊतींचा मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत आहे, आणि संसर्ग झाल्यापासून पहिल्या काही आठवड्यांतच तेथील सीडी४ पेशींचा प्रचंड नाश होतो. तेव्हा रक्तातील सीडी४ चा आकडा बराच बरा दिसत असू शकतो. टी-पेशींना आतड्याचा पत्ता दाखवणारा इंटिग्रिन म्हणजे अल्फा-४-बीटा-७. आतड्यातील रक्तवाहिन्यांवरचा मॅडकॅम-१ हा त्याचा जोडीदार. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जेम्स आर्थोस, अँथनी फाउची आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जीपी१२० च्या व्ही२ या वळशातील तीन अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या घटकांची) जुळणी मॅडकॅमसारखी असल्यामुळे विषाणू अल्फा-४-बीटा-७ लाही चिकटू शकतो, आणि तसे झाले की शेजारचा एलएफए-१ देखील जागा होतो. त्यानंतरच्या वर्षी थायलंडमधील सोळा हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आरव्ही१४४ या लसचाचणीचे निष्कर्ष आले. तिचा संरक्षणाचा आकडा अवघा ३१ टक्के होता, पण ज्यांच्यात व्ही१-व्ही२ भागाविरुद्धचे प्रतिपिंड जास्त होते त्यांना लागण कमी झाली होती. दोन्ही धागे एकाच ठिकाणी येऊन मिळत असल्यासारखे वाटले आणि आशा वाढली.

२०१६ मध्ये ती शिगेला पोहोचली. एचआयव्हीच्या माकडांमधील नातेवाइकाने बाधित झालेल्या मॅकाक माकडांना नेहमीच्या औषधांबरोबर अल्फा-४-बीटा-७ अडवणारे प्रतिपिंड दिले, आणि सर्व उपचार थांबवल्यानंतरही विषाणू दीर्घकाळ नियंत्रणात राहिला असे प्रसिद्ध झाले. माणसांसाठी असेच औषध तयारच होते. व्हेडोलिझुमॅब हे प्रतिपिंड २०१४ पासून आतड्याच्या दाहावर वापरले जात होते. पण २०१९ मध्ये इतर गटांनी माकडांवर पुन्हा केलेल्या प्रयोगांत तो परिणाम दिसला नाही, आणि माणसांमध्ये उपचार थांबवल्यावर विषाणू पुन्हा उसळला. लसीच्या बाजूनेही असेच घडले. आरव्ही१४४ च्या धर्तीवर दक्षिण आफ्रिकेत चाललेली मोठी चाचणी संरक्षण दिसत नसल्याने २०२० च्या प्रारंभी थांबवावी लागली. त्या निकालांनी खंत वाटते, तरी एका गटाचा चमकदार निष्कर्ष इतरांनी तपासून पाहिला आणि न जुळलेले निकालही तितक्याच ठळकपणे छापले, ही गोष्ट मला या क्षेत्रातील सर्वांत आश्वासक वाटते.

मग थेट एलएफए-१ च का अडवू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या आजारांच्या उपचारांतून मिळाले. सोरायसिस या त्वचारोगासाठी एलएफए-१ ला अडवणारे इफालिझुमॅब हे औषध २००३ मध्ये आले. त्वचा सुधारत असे, पण काही रुग्णांना मेंदूचा एक दुर्मीळ आणि बहुधा प्राणघातक आजार झाला, आणि २००९ मध्ये औषध मागे घेण्यात आले. अल्फा-४ अडवणाऱ्या नॅटालिझुमॅब या औषधाच्या बाबतीतही हाच आजार समोर आला. ते आज कडक देखरेखीखालीच दिले जाते. तो आजार जेसी नावाच्या विषाणूमुळे होतो. बहुसंख्य लोकांच्या शरीरात तो निद्रिस्त असतो, आणि टी-पेशींना मेंदूपर्यंत पोहोचून पहारा देता आला नाही की जागा होतो. एड्सच्या रुग्णांमध्ये डॉक्टरांना हा आजार आधीपासून परिचित होता. म्हणजे एचआयव्हीला अडवण्यासाठी पेशींचे हात बांधले, तर एचआयव्हीने जे घडते त्यातलेच काही आपण स्वतः घडवून आणतो.

आज वापरातील उपचार त्यामुळे आसंजनाच्या वाटेला जात नाहीत. ते विषाणूची स्वतःची यंत्रे बंद पाडतात. भारतात २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांवर ते मोफत मिळतात, आणि गोळ्या नियमित घेऊन ज्यांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली राहते त्यांच्याकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सर्वाधिक असलेल्या महाराष्ट्रात हे वाक्य पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे, कारण औषधांपेक्षा भीतीच अजून अधिक ठिकाणी पोहोचलेली आहे.

गोळ्यांनी विषाणू दबला तरी आसंजन रेणूंशी असलेला संबंध संपत नाही. उपचार चालू असलेल्या अनेक व्यक्तींच्या रक्तात आयकॅम-१ आणि त्याचा नातलग व्हीकॅम-१ यांचे सुटे तुकडे सामान्यांपेक्षा जास्त सापडतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर सतत थोडे चेतवलेले असल्याची ती खूण आहे. अशा अस्तराला पांढऱ्या पेशी जास्त चिकटतात, भिंतीत शिरतात, आणि कोलेस्टेरॉलच्या थरांची वाढ होते. एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, त्यामागील कारणांपैकी हे एक आहे.

इथे एका जुन्या औषधाची पुन्हा भेट होते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील लोव्हास्टॅटिन एलएफए-१ च्या एका खोबणीत बसते आणि त्याला ताठ होऊ देत नाही, हे लक्षात आल्यावर क्वेबेकच्या त्याच गटाने २००४ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले की त्यामुळे आयकॅम-१ पांघरलेले विषाणू पेशीला कमी चिकटतात. माणसांवरील छोट्या चाचण्यांत मात्र स्टॅटिनने विषाणूचे प्रमाण म्हणावे तसे उतरले नाही, आणि तो विचार मागे पडला. पुढे रिप्रीव्ह या चाचणीत भारतासह बारा देशांतील ४० ते ७५ वर्षे वयाच्या, एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्या ७,७६९ लोकांपैकी निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झालेल्या होत्या. या यशाचे श्रेय एलएफए-१ च्या खोबणीला देता येत नाही, पण चाळिशी ओलांडलेल्या आणि एआरटी चालू असलेल्या व्यक्तीने पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना स्टॅटिनबद्दल विचारावे, इतके पुराव्याचे बळ त्यामागे निश्चित आहे.